हिरवं पान छापलंय म्हणून घेऊ नका: पर्यावरणाची लेबलं वाचायची आणि घरबसल्या तपासायची कशी

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनातून मी गुळाच्या चार ढेपा आणल्या. पॅकेटवर हिरवं पान, गाईचं चित्र, मोठ्या अक्षरात 'सेंद्रिय' आणि खाली '१०० टक्के केमिकल फ्री', भाव साध्या गुळाच्या दुप्पट. घरी आल्यावर आईने विचारलं की सेंद्रिय आहे हे कोण म्हणतंय? मी म्हटलं हे काय, नंबर छापलाय की. तो नंबर नीट बघितला तर तो १४ आकडी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, लायसन नंबर होता, जो बिस्किटाच्या पुड्यावरही असतो आणि फरसाणावरही असतो. म्हणजे विक्रेत्याकडे खाद्यपदार्थ विकायचा परवाना आहे एवढंच त्यातून कळतं, ऊस कसा पिकवला याबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्यांना फोन केला तर 'आमच्यावर विश्वास ठेवा ताई' असं उत्तर आलं.

गूळ कदाचित चांगलाच असेल, चवीला छान होता. पण मी जादाचे पैसे दिले ते 'सेंद्रिय' या शब्दासाठी आणि त्या शब्दाच्या मागे कुणीच उभं नव्हतं हे मला फार लागलं. कारण जो शेतकरी खरंच तीन-तीन वर्षं नुकसान सोसून जमीन सेंद्रिय करतो त्याचा ग्राहक अशा पॅकेटांनी पळवलाय. तेव्हापासून एसी, साडी, वही, कचऱ्याची पिशवी, हॉटेल, काहीही घेताना मी आधी लेबल तपासते, आणि सोसायटीतल्या बायका सारख्या विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

पायरी १: आधी बाद काय करायचं ते शिका

पॅकेटवर जेवढी चिन्हं असतात त्यातली निम्मी पर्यावरणाची नसतातच, पण आपल्याला तशी वाटतात. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, बस. आयएसआय मार्क म्हणजे वस्तू भारतीय मानकाप्रमाणे आहे, त्यात सुरक्षितता आणि दर्जा आला. अ‍ॅगमार्क शेतमालाच्या प्रतीसाठी. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाचा टॅग तर सगळ्यात जास्त गोंधळ करतो, कोल्हापुरी गुळाला २०१४ साली जीआय मिळालाय, कोकणच्या हापूसला २०१८ साली, पण जीआय सांगतो की माल कुठला आहे, त्यावर फवारणी किती झाली ते सांगत नाही. जीआय असलेला हापूस कार्बाइड न लावता पिकवलाय असाही त्याचा अर्थ होत नाही, ते वेगळं विचारायचं.

प्लॅस्टिकच्या डब्याखाली त्रिकोणी बाणांमध्ये १ ते ७ मधला आकडा असतो ना, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ५ पीपी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलंच. बाण गोल फिरतात म्हणून डबा रिसायकल केलेल्या मालाचा आहे किंवा तुमच्या गावात तो रिसायकल होणारच आहे असं धरू नका. आमचे भंगारवाले काका १, २ आणि ५ आनंदाने नेतात, ६ ला हातही लावत नाहीत.

आणि एक, 'आयएसओ १४००१ प्रमाणित कंपनी'. हे प्रमाणपत्र कंपनीच्या व्यवस्थापनाच्या पद्धतीला मिळतं, म्हणजे पर्यावरणाच्या बाबतीत कारखान्याने ध्येय ठरवलंय का, नोंदी ठेवतात का वगैरे. चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या हातातल्या बादलीबद्दल किंवा साबणाबद्दल ते काहीच बोलत नाही, त्यामुळे वस्तूच्या खोक्यावर ते ठळक छापलेलं दिसलं तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

पायरी २: उरलेल्या चिन्हाला तीन प्रश्न विचारा

चिन्ह दिलं कोणी? नंबर काय? आणि नक्की कशाला दिलंय? हे तीन प्रश्न एवढंच खरं तर माझं सगळं ज्ञान आहे, बाकी त्याचाच विस्तार.

कोणी दिलं हे महत्त्वाचं का, तर जगभरात अशा लेबलांचे ढोबळ तीन प्रकार मानतात. एकात तिसरीच संस्था निकष ठरवते आणि तपासून चिन्ह देते, दुसऱ्यात कंपनी स्वतःच स्वतःबद्दल सांगते ('निसर्गस्नेही', 'इको', 'ग्रीन'), आणि तिसऱ्यात वस्तूने कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत किती प्रदूषण केलं त्याचा आकड्यांचा अहवाल असतो, हा बहुतेक सिमेंट, स्टील, टाइल्स अशा बांधकामाच्या मालाला दिसतो. दुकानात आपल्याला फसवतो तो दुसरा प्रकार, कारण त्याचं चित्र पहिल्यासारखंच काढलेलं असतं, गोल शिक्का, मध्ये पान, कडेने इंग्रजी अक्षरं. शिक्क्यात संस्थेचं नाव नसेल तर तो शिक्का कंपनीच्या डिझायनरने काढलाय असं समजा.

नंबरचं काय करायचं? बहुतेक खऱ्या संस्थांच्या वेबसाइटवर शोधायची सोय असते, नंबर टाकला की कंपनीचं नाव, कुठल्या मालासाठी आणि कधीपर्यंत ते येतं. तारीख नक्की बघा, बरीच प्रमाणपत्रं एक-दोन वर्षांची असतात आणि छापलेली पॅकेटं त्यानंतरही खपत राहतात. आणि कशाला दिलंय हा प्रश्न अशासाठी की कधी प्रमाणपत्र फक्त खोक्याच्या पुठ्ठ्याला असतं आणि आपण आतल्या वस्तूला समजतो, असं मी शांपूपासून खेळण्यांपर्यंत पाहिलंय.

पायरी ३: सुरुवात विजेच्या वस्तूंपासून करा

कारण इथे लेबल सरकारी आहे, बऱ्याच वस्तूंना सक्तीचं आहे, आणि फायदा थेट बिलात दिसतो. बीईई म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरो, ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली २००२ मध्ये ही संस्था झाली आणि २००६ मध्ये स्टार लेबल सुरू झालं. एसी, फ्रीज, एलईडी बल्ब, गिझर आणि जानेवारी २०२३ पासून छताचे पंखे, यांना स्टार लावल्याशिवाय विकता येत नाही.

पण नुसते स्टार मोजू नका, लेबलवरची बाकीची अक्षरं वाचा. एसीच्या लेबलवर आयसीअर (ISEER) नावाचा आकडा असतो, थंडावा किती आणि त्यासाठी वीज किती याचं वर्षभराचं गुणोत्तर समजा, जास्त तेवढं चांगलं. निकष मधूनमधून कडक होतात, उदाहरणार्थ स्प्लिट एसीला आधी ४.५ च्या वर असेल तर ५ स्टार मिळत होता, जुलै २०२२ पासून ५ स्टारला किमान ५ लागायला लागला, म्हणजे ४.६ चा जो एसी जूनमध्ये ५ स्टार होता तोच जुलैत ४ स्टार झाला. म्हणून दुकानदार जुना माल 'फाइव्ह स्टार' म्हणून स्वस्तात देत असेल तर लेबलवरचा कालावधी बघा आणि आयसीअरची तुलना करा, स्टारची नको.

आता हिशोब. एसीच्या लेबलवर वर्षाला किती युनिट ते लिहिलेलं असतं आणि ते १६०० तास वापर धरून असतं. आपला वापर वेगळा असतो. समजा दोन एसी आहेत, एकावर ७६० युनिट आणि दुसऱ्यावर ९६०. फरक २०० युनिटचा. तुम्ही उन्हाळ्याचे १२० दिवस रोज ८ तास लावता, म्हणजे ९६० तास, हे १६०० च्या ६० टक्के झाले, मग तुमचा खरा फरक १२० युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १२०० वाचले. महागडा एसी ८००० ने जास्त असेल तर वसूल व्हायला साडेसहा वर्षांच्या वर लागतील. आणि मुंबईच्या दमट हवेत वर्षभर लावणारं घर असेल, पूर्ण १६०० तास, तर वर्षाला २००० वाचतात आणि चार वर्षांत पैसे परत. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, घर कुठलं त्यावर आहे. युनिटचा दर धरताना सरासरी नका धरू, महावितरणचे घरगुती स्लॅब १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि एसी चालू असलेल्या महिन्यात जी वीज वाचते ती सगळ्यात वरच्या, महाग स्लॅबमधली असते, तो दर बिलाच्या मागच्या बाजूला बघून घ्या.

माझं मत विचाराल तर एसीच्या आधी पंखे बदला. साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशलेस मोटरवाला ५ स्टार पंखा ३० च्या आसपास. ४५ वॉटचा फरक, रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस, म्हणजे एका पंख्यामागे १६२ युनिट, वरच्या एसीच्या १२० युनिटच्या फरकापेक्षा जास्त! आणि घरात पंखे चार असतात. तरी लोक एसीचे स्टार तासभर निरखून बघतात आणि पंखा इलेक्ट्रिशियनला 'कुठलाही आण' म्हणून सांगतात.

फ्रीजला एक खोच आहे. स्टार हे त्या-त्या प्रकारात आणि आकारात दिलेले असतात, त्यामुळे मोठा ४ स्टार डबल डोअर फ्रीज लहान २ स्टार सिंगल डोअरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तिघांच्या घराला केवढा फ्रीज लागतो ते आधी ठरवा, मग त्या आकारात वार्षिक युनिट कमी कुठले ते बघा. गिझरचं अजून वेगळं, साठवणीच्या गिझरचे स्टार तापलेलं पाणी नुसतं टाकीत असताना उष्णता किती गळते त्यावर दिलेले आहेत. म्हणजे ज्या घरात गिझर सकाळभर चालू राहतो तिथे ५ स्टारचा खूप फायदा, आणि जिथे अंघोळीच्या आधी दहा मिनिटं लावून बंद करतात तिथे फारसा नाही.

अजून एक गोष्ट स्टारमध्ये धरलेलीच नाही, एसीतला गॅस. आर-४१०ए हा गॅस गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २०८८ पट हवा तापवतो, आर-३२ साधारण ६७५ पट, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन अगदी मामुली. हे एसीच्या मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. विचारा दुकानात, सेल्समनला माहीत नसेल तर पट्टीचा फोटो काढायला लावा.

मॉडेल खरंच नोंदलेलं आहे का हे बघायला बीईईचं स्टार लेबलचं ॲप आहे, त्यात कंपनी आणि मॉडेल टाकायचं. ऑनलाइन घेताना हे नक्की करा, कारण जाहिरातीच्या फोटोत लेबल एका मॉडेलचं आणि घरी येणारं मॉडेल शेवटच्या दोन अक्षरांनी वेगळं, असं आमच्या शेजारच्या काकूंच्या बाबतीत झालंय.

पायरी ४: सेंद्रिय धान्य, गूळ, मसाले

भारतात सेंद्रियची कायदेशीर वाट दोनच. एक एनपीओपी म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, यात मान्यताप्राप्त बाहेरची संस्था येऊन शेत, नोंदी, गोदाम तपासते, निर्यातीलाही हेच लागतं. दुसरी पीजीएस-इंडिया म्हणजे सहभागी हमी पद्धत, यात गावातले किमान पाच शेतकरी गट करतात, एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात, शपथ घेतात आणि त्यावर प्रमाणपत्र मिळतं, फी परवडणारी असते पण माल देशातच विकायचा. एफएसएसएआयच्या २०१७ च्या नियमांनुसार पॅकेटबंद माल 'ऑरगॅनिक' म्हणून विकायचा तर यातल्या एका वाटेनेच जावं लागतं आणि जैविक भारतचा लोगो त्यासाठीच आला. लोगोची चित्रं पुढेमागे बदलतात, त्यामुळे चित्र पाठ करण्यापेक्षा प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि 'एनपीओपी' ने सुरू होणारा तिचा मान्यता क्रमांक शोधा, किंवा पीजीएस असेल तर गटाचं नाव.

पीजीएसमध्ये दोन पातळ्या आहेत ते लक्षात ठेवा. 'पीजीएस-इंडिया ग्रीन' म्हणजे शेत अजून बदलाच्या काळात आहे, 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पूर्ण झाला. हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं आणि आंबा, काजूसारख्या झाडांना तीन वर्षं हा बदलाचा काळ असतो. मी तर म्हणेन ग्रीनवाला माल मुद्दाम घ्या, कारण त्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्याचं उत्पन्न घटलेलं असतं आणि भाव मात्र सेंद्रियचा मिळत नाही, खरी गरज त्याला तेव्हाच असते.

मग ज्याच्याकडे कागदच नाही त्या शेतकऱ्याचं काय? नियमात त्याला सूट आहे, वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही, फक्त जैविक भारतचा लोगो त्याला लावता येत नाही. त्यामुळे रविवारच्या शेतकरी बाजारातल्या काकांना कागद नाही म्हणून खोटं ठरवू नका. त्यांना विचारा, शेत कुठल्या गावाला, एकरी जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत) किती वेळा देता, हुमणी अळीला काय करता, तणाला काय करता, बघायला येऊ का? जो खरा आहे तो या प्रश्नांवर अर्धा तास बोलतो, आणि बहुतेक वेळा 'या की' म्हणतो. पण हाच माल मधला व्यापारी चकचकीत पॅकेटात भरून मॉलमध्ये 'ऑरगॅनिक' म्हणून विकत असेल तर त्याला ही सूट नाही, तिथे नंबर मागायचाच.

'विषमुक्त', 'नैसर्गिक', 'केमिकल फ्री', 'गावरान', 'देशी' हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. गुळात रंग उजळायला हायड्रॉस पावडर टाकत नाहीत म्हणून त्याला केमिकल फ्री म्हणणारे आहेत, ते गूळ बनवण्याबद्दल खरं असेलही, पण ऊस रासायनिक खतावरचा असू शकतो. काळपट गूळ म्हणजे सेंद्रिय हा समजही तेवढ्यासाठीच सोडून द्या.

पायरी ५: कपडे

इथे दोन लेबलं सारखीच वाटतात पण सांगतात वेगळं. गॉट्स (GOTS, ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) म्हणजे सेंद्रिय कापड, त्यातही दोन दर्जे, एकात किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय आणि दुसऱ्यात किमान ७० टक्के, शिवाय रंगाई, सांडपाणी, कामगारांची परिस्थिती हेही तपासतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे तयार कापडात अंगाला अपायकारक रसायनं मर्यादेच्या आत आहेत, कापूस कसा पिकवला ते नाही. तान्ह्या बाळाचे कपडे घेताना ओको-टेक्स उपयोगी आहे, पण 'ऑरगॅनिक बेबी वेअर' म्हणून तेच दाखवत असतील तर ते चूक आहे.

कापूस हा आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून हे सांगितलंच पाहिजे की लबाडी इथेही झाली. २०२० साली गॉट्सने स्वतःच जाहीर केलं की भारतात २०,००० टन कच्चा कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. काहीजण म्हणतात मग काय अर्थ त्या लेबलला, मला उलट वाटतं, ज्या लेबलमागे नोंदी असतात तिथेच चोरी सापडते आणि नाव जाहीर होतं. नुसतं 'प्युअर ऑरगॅनिक कॉटन' छापलेल्या टॅगमध्ये कोण काय शोधणार? गॉट्सच्या टॅगवर प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन नंबर असतो, त्यांच्या ऑनलाइन यादीत तो टाकून बघा.

पायरी ६: कागद, फर्निचर, पिशव्या

वह्या, टिश्यू, दुधाचे पुठ्ठ्याचे डबे यावर झाडासारखी खूण असते ती एफएससीची, नीट सांभाळलेल्या जंगलांना प्रमाणपत्र देणारी १९९३ पासूनची संस्था आहे. तीन प्रकार: १०० टक्के म्हणजे सगळं लाकूड प्रमाणित जंगलातलं, रिसायकल्ड म्हणजे सगळं जुन्या कागदातून, मिक्स म्हणजे मिसळ. खाली एफएससी-सी आणि सहा आकडे असतात, ते त्यांच्या साइटवर शोधा. मुलांच्या वह्यांसाठी मी रिसायकल्ड घेते, कागद थोडा पिवळसर असतो, मुलं आठवड्यात विसरतात.

पिशव्यांचं मात्र नीट ऐका. 'बायोडिग्रेडेबल' (कधीतरी कुजणारं) आणि 'कंपोस्टेबल' (ठरावीक काळात खत होणारं) हे एक नाही. कंपोस्टेबल पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ म्हणजे सीपीसीबीच्या प्रमाणपत्राचा नंबर लागतो, आणि सीपीसीबीच्या साइटवर परवानगी असलेल्या उत्पादकांची यादी असते. 'आय ॲम नॉट प्लॅस्टिक' एवढंच छापून नंबर नसेल तर घेऊ नका. आणि खरी कंपोस्टेबल असली तरी ती ५८ अंशांच्या आसपास तापणाऱ्या मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी तपासलेली असते. आमच्या गच्चीवरच्या ड्रममध्ये आम्ही एक टाकून बघितली, सहा महिन्यांनी भाजीची देठं माती झाली होती आणि पिशवीचे तुकडे हातात येत होते. घरच्या कंपोस्टसाठी ओला कचरा थेट डब्यात टाका आणि डबा धुवा, पिशवीच नको.

कापडासारखी दिसणारी, साडीच्या दुकानात मिळते ती नॉन-वोव्हन पिशवी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आहे, प्लॅस्टिकच. जाळून-बिळून बघत बसू नका, धुर होतो, नुसतं ओढून बघा, उभा-आडवा धागा विणलेला दिसला नाही की समजायचं.

साबण, रंग, डिटर्जंट, कागद यांच्यासाठी आपल्या सरकारचं स्वतःचं चिन्ह आहे इकोमार्क, मातीच्या माठाचं चित्र. १९९१ मध्ये आलं पण फार थोड्या कंपन्यांनी घेतलं म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलेलंही नसेल. सप्टेंबर २०२४ मध्ये नवीन नियम आले आहेत, तेव्हा माठ दिसला तर पाठ फिरवू नका. घराला रंग काढणार असाल तर सीआयआय या उद्योग संघटनेचं ग्रीनप्रो हे चिन्हही तपासून दिलेलं असतं, रंग आणि टाइल्सवर दिसतं.

पायरी ७: हॉटेल, बीच आणि फ्लॅट

हॉटेलात 'टॉवेल परत वापरा, पृथ्वी वाचवा' असं कार्ड असतं, ते प्रमाणपत्र नाही. 'ग्रीन की' (Green Key) हे मात्र प्रमाणपत्र आहे, डेन्मार्कच्या फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशनचं, रिसेप्शनला त्याची पाटी आणि त्यावर वर्ष असतं, वर्ष जुनं असेल तर बुकिंगच्या आधी विचारा. ब्लू फ्लॅगही त्याच संस्थेचं, पाण्याचा दर्जा, सुरक्षा, सोयी असे ३३ निकष, भारतात पहिले आठ किनारे ऑक्टोबर २०२० मध्ये निवडले गेले, आपल्या जवळचे म्हणजे कर्नाटकातले कासरकोड आणि पडुबिद्री. हा झेंडा एकेका हंगामासाठी असतो, कायमचा नाही.

फ्लॅट घेणाऱ्यांनी मात्र ही ओळ दोनदा वाचा: 'प्री-सर्टिफाइड' आणि 'सर्टिफाइड' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयजीबीसी आणि ग्रीहा ही इमारतींची पर्यावरणाची रेटिंगं, त्यातलं आयजीबीसीचं गोल्ड, प्लॅटिनम किंवा ग्रीहाचे तारे जाहिरातीत असतात, पण बिल्डरच्या ब्रोशरवर बहुतेक वेळा प्री-सर्टिफिकेशन असतं, ते नकाशावर आणि आश्वासनांवर मिळतं. अंतिम रेटिंग इमारत बांधून झाल्यावर, कागद तपासून. तेव्हा बिल्डरला लेखी विचारा की अंतिम प्रमाणपत्र कोण आणायचं, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर काय, आणि हे करारनाम्यात घालून घ्या. काही महापालिका ग्रीन बिल्डिंगला मालमत्ता करात सवलत देतात, ती अंतिम प्रमाणपत्राशिवाय सोसायटीला मागता येणार नाही. सोसायटी ताब्यात घेताना सांडपाणी प्रकल्प, सोलर, पावसाच्या पाण्याचे खड्डे चालू आहेत का ते कमिटीने बघावं, कारण रेटिंगचे गुण त्यावर मिळालेले असतात आणि ते नुसते उभे असून बंद असतील तर वीजबिल आणि टँकरचे पैसे आपल्याच मेंटेनन्समधून जातात.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: जर्मनीतला ब्लू एंजल हा १९७८ चा, जगातला पहिला असा इकोलेबल, भरवशाचा. पण तिथलाच हिरवा दोन बाणांचा 'ग्र्यूनर पुंक्ट' म्हणजे उत्पादकाने पॅकिंगच्या कचऱ्याची फी भरलीय एवढंच, वस्तू रिसायकल्ड आहे असं नाही. युरोपचं वीज लेबल मार्च २०२१ पासून टप्प्याटप्प्याने परत ए ते जी होतंय, त्यामुळे जुन्या ए प्लस प्लस प्लसशी आजच्या सी-डीची तुलना करून घाबरू नका.

पायरी ८: शंका आली तर विचारा, उत्तर नाही आलं तर तक्रार करा

१५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंग म्हणजे पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'सस्टेनेबल', 'नॅचरल' असले शब्द वापरायचे तर त्याला पुरावा हवा आणि तो ग्राहकाला सापडेल असा, क्यूआर कोड किंवा लिंक देऊन, सांगायला हवा. म्हणजे पुरावा मागणं हा आता आपला आगाऊपणा राहिलेला नाही.

मी कंपनीला मेल करते तो असा: 'तुमच्या अमुक उत्पादनावर, बॅच नंबर तमुक, पर्यावरणस्नेही असं लिहिलंय. हा दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की पॅकिंगबद्दल? कुणी तपासलंय? प्रमाणपत्राचा नंबर आणि मुदत कळवा.' चार ओळी पुरतात. पंधरा दिवस थांबते. खरी कंपनी बहुतेक वेळा प्रमाणपत्राची पीडीएफच पाठवते. गोलगोल उत्तर आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, जाहिरातीबद्दल असेल तर मुंबईतल्या ॲस्की या जाहिरात मानक परिषदेकडे ऑनलाइन, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्टवर.

तक्रारीसाठी पॅकेट फेकायच्या आधी चार फोटो काढून ठेवा, पुढची बाजू, मागची बाजू, दाव्याची ओळ जवळून, आणि बॅच नंबर-तारीख-एमआरपीचा कोपरा. आणि बिल. माझ्या गुळाच्या वेळी मी ढेप फोडल्याबरोबर पॅकेट कचऱ्यात टाकलं होतं आणि प्रदर्शनात बिल मागितलंच नव्हतं, त्यामुळे पुढे काही करता आलं नाही. आता गूळ पीजीएस गटातल्या एका शेतकऱ्याकडून येतो, अजून ग्रीनमध्येच आहेत ते, पुढच्या हंगामात ऑरगॅनिक होतील म्हणून त्यांनी गटाच्या तपासणीला आम्हाला बोलावलंय, सोसायटीतून सहाजणी जाणार आहोत.